चेहरा डॉक्टरांचा, शब्द भामट्यांचे

फेसबुक चाळताना मध्येच बातम्यांचा स्टुडिओ दिसतो. खाली लाल पट्टी धावत असते, निवेदिकेचा चेहरा गंभीर असतो आणि समोर देशातले नामवंत हृदयशल्यविशारद बसलेले असतात. ‘शुगरच्या गोळ्या आजच बंद करा. हे थेंब घ्या, सात दिवसांत साखर मुळापासून जाईल,’ असे ते सांगतात. आवाज त्यांचाच, हातवारेही त्यांचेच. पण हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलेले नसते.

हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांना आपले नाव आणि चेहरा वापरून फिरणाऱ्या बनावट व्हिडिओंविरुद्ध २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेलबर्नच्या बेकर हार्ट अँड डायबेटिस इन्स्टिट्यूटमधले मधुमेहतज्ज्ञ प्रा. जोनाथन शॉ अशाच एका व्हिडिओत दिसले. जगभर दशकानुदशके वापरल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाला नावे ठेवून ते कसल्याशा पूरक गोळ्या विकताना दाखवले होते. भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत, असे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेली आयसीएमआरची पाहणी सांगते. भामट्यांना याहून मोठी बाजारपेठ कुठे मिळणार?

असे व्हिडिओ बनवायला लागणारा कच्चा माल यूट्यूबवर फुकट असतो. डॉक्टरांची एखादी खरी मुलाखत घ्यायची आणि आवाजाची नक्कल संगणकाकडून करून घ्यायची. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३मध्ये जाहीर केलेल्या ‘वॉल-ई’ या प्रणालीला त्यासाठी अवघा तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. नव्या शब्दांबरहुकूम ओठ हलवण्याचे ‘वेव्ह-टू-लिप’ हे तंत्र २०२०मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी पुढे आणले. एका भाषेतले व्याख्यान दुसऱ्या भाषेत ऐकवताना ओठही जुळावेत, असे त्याचे चांगले उपयोग आहेत. पण तंत्र चांगल्यांच्या हाती पडते तसे वाईटांच्याही.

त्यामुळे पापण्या लवतात का, दात धूसर दिसतात का, हे बघून व्हिडिओ ओळखा, हा सल्ला मला आता पटत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर असल्या खुणा शोधाव्यात, ही अपेक्षाच चुकीची आहे. आपण चेहरा तपासू नये, दावा तपासावा. तिथे विज्ञान आणि कायदा दोन्ही आपल्या बाजूने आहेत.

भारतीय वैद्यक परिषदेची २००२ची आचारसंहिता ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना कोणत्याही औषधाच्या जाहिरातीसाठी आपले नाव, सही किंवा छायाचित्र देऊन शिफारस करायला मनाई करते. आणि १९५४चा ‘औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मोतीबिंदू अशा ५४ विकारांवर औषध असल्याची जाहिरात करणेच गुन्हा ठरवतो. मग पॅथी कोणतीही असो. म्हणजे जाहिरातीत थोर डॉक्टर मधुमेहाचे औषध विकताना दिसले, की व्हिडिओ खरा की खोटा हा प्रश्नच उरत नाही. ती जाहिरात मुळातच बेकायदा आहे.

आता ‘सात दिवसांत एचबीए१सी नॉर्मल’ हा दावा घ्या. ही तपासणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून अहवालात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी उमटते. जुन्या पेशी रक्तात असेपर्यंत हा आकडा आठवड्यात जाग्यावर येऊ शकत नाही.

पण रोजची साखर कधीकधी खरोखर झपाट्याने उतरते, आणि धोका तिथेच असतो. ‘वनौषधी’ म्हणून विकलेल्या मालात ॲलोपॅथीचे औषध बेमालूम मिसळल्याची प्रकरणे अनेक देशांत उघडकीस आली आहेत. सिंगापूरमध्ये २००८च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० जण साखर अतोनात घसरल्याने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतले चार दगावले. लैंगिक शक्तीच्या बनावट गोळ्यांत आणि वनौषधींत ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध मोठ्या मात्रेत निघाले होते. ‘गुण आला’ असे घरातले कुणी सांगेल, तेव्हा गुण कशाने आला हे विचारायला हवे. टाइप १ मधुमेह असलेल्याने तर इन्सुलिन थांबवले, की थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येतो.

जाहिरातीखालचा अर्ज साधा असतो, नाव आणि फोन नंबर एवढेच. त्यानंतर ‘डॉक्टरसाहेबांच्या ऑफिसातून’ फोन येतात. बोलणे गोड, सवलत फक्त आजची, पैसे पार्सल आल्यावर. नंबर एकदा गेला की फोन थांबत नाहीत. अशा जाहिरातीवर एकदा बोट लावले की तसल्याच आणखी दिसू लागतात, हे रॉयटर्सने २०२५मध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. म्हणून आई-बाबांचा मोबाइल हातात घ्या, ती जाहिरात ‘रिपोर्ट’ करा आणि ‘हाइड’ करा. रागावू नका. रागावलात तर पुढचे पार्सल ते तुमच्यापासून लपवतील.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. आणि असल्या औषधापायी नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन बंद केले असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली टाकून न देता सोबत न्या.