वस्तीचा हिशेब आणि आपले विद्यार्थी

समाजाच्या आर्थिक स्थैर्यासाठी कॉलेजातील मुलामुलींनी काय करावे, हा प्रश्न आपल्या सभांतून नेहमी विचारला जातो आणि बहुधा एखादे व्याख्यान ठेवून तो मिटवला जातो. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. आमचा विश्वास व्याख्यानापेक्षा वहीवर अधिक.

१९७६ साली बांगलादेशातील चितगाव विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस जवळच्या जोब्रा गावात हिंडत होते. तेथे बांबूची स्टुले विणणारी सुफिया बेगम बांबूसाठी व्यापाऱ्याकडून पाच टका घेई आणि माल त्यालाच, तो देईल त्या भावाने विकी. दिवसभर राबून हाती उरत पन्नास पैसे! युनूस यांनी आपल्या एका विद्यार्थिनीला अशा लोकांची यादी करावयास सांगितले. आठवड्याने यादी आली. माणसे ४२, सर्वांचे मिळून देणे ८५६ टका. गावाचे दारिद्र्य तोवर अथांग वाटत होते. त्या मुलीच्या कागदावर त्याची बेरीज झाली. ती रक्कम युनूस यांनी खिशातून दिली. पुढे ते बँकेत गेले, तेव्हा बँकेने तारण मागितले (आम्हाला यात नवल वाटले नाही). अखेर ते स्वतः जामीन राहिले. या कामातूनच १९८३ साली ग्रामीण बँक स्थापन झाली.

आपल्या विद्यार्थ्यांनी उचलावे ते हे यादीचे काम. कोणाचे देणे कोणाकडे, किती, दरमहा शेकडा किती व्याजाने, एवढेच लिहावे. मात्र ही माहिती चावडीवर जाऊ नये. समजा, एका बाईने सावकाराकडून दहा रुपये शेकड्याने ५,००० रुपये घेतले. महिन्याला व्याज ५००, वर्षाला ६,०००. मुद्दल जागच्या जागी. हीच रक्कम बचत गटातून दोन रुपये शेकड्याने घेतली तर वर्षाचे व्याज १,२०० रुपये, आणि तेही गटाच्याच पेटीत राहते. पंधरा बायकांनी दरमहा शंभर टाकले तर वर्षात १८,००० रुपये जमतात. नाबार्डने १९९२ पासून असे गट बँकांशी जोडले आहेत. दहा ते वीस सभासद, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशेब एवढे जमले की बँक त्या गटाला विनातारण कर्ज देते.

कर्ज सहज मिळते म्हणून घेत सुटणेही वाईटच. २०१० साली आंध्र प्रदेशात एकाच घराला अनेक लघुकर्ज कंपन्यांची कर्जे चिकटली, वसुलीचा जाच झाला आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला. म्हणून यादीत सावकाराबरोबर कंपन्यांचे हप्तेही लिहावेत.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थी परीक्षा होताच नोकरीसाठी बाहेरगावी जातो, आणि वह्या एकट्या त्यालाच समजत असतील तर गट तेथेच बसतो. तेव्हा पहिल्या महिन्यापासून रोकड वही आणि ठराव वही सभासद बायकांकडूनच लिहून घ्यावी, विद्यार्थ्याने फक्त बेरीज तपासावी. अक्षर वाकडे आले तरी चालेल. काउंटरवर आम्ही त्याहून वाकडी अक्षरे रोज वाचतो.