कालवाच्या पिल्लांचा पहिला घास

कालवाच्या बीजकेंद्रात माझी नजर आधी शैवालाच्या खोलीकडेच जाते. ट्यूबलाइटच्या उजेडात हाफकिन फ्लास्क, पलीकडे मोठे कारबॉय, सगळ्यांत हवेचे बुडबुडे आणि सोनेरी-तपकिरी पाणी. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९८० च्या दशकात कालवाचं बी तयार केलं, तेही याच शैवालाच्या खाण्यावर. पाण्याला हा सोनेरी-तपकिरी रंग देते आयसोक्रायसिस ही शैवालाची जात. तिची एक पेशी जेमतेम पाच-सहा मायक्रॉनची.

खडकावरून फोडून काढलेलं कालव कोकणात सगळ्यांच्या ओळखीचं. त्याचं बाळपण मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावं लागतं. फलनानंतर साधारण दिवसभरात ‘डी’ अक्षराच्या आकाराचं, साठ-सत्तर मायक्रॉनचं पिल्लू पोहू लागतं. शिंपला पारदर्शक, त्यामुळे पोटातला घास बाहेरून दिसतो. तपकिरी ठिपका दिसला की खाणं पोचलं. पोट रिकामं, फिकट दिसलं की काळजी सुरू.

पण भरलेलं पोट म्हणजे पोसलेलं पिल्लू नव्हे. क्लोरेला या शैवालाची पेशी गिळली जाते, पण भिंत जाड असल्यामुळे बरीचशी न पचताच बाहेर पडते. ड्युनालिएला पचते, पण तिच्यात डीएचए आणि ईपीए ही लांब साखळीची मेदाम्लं जवळजवळ नसतात. पिल्लाच्या पेशींची आवरणं घडायला ती लागतात आणि ती स्वतः बनवण्याची ताकद कालवात फारच कमी. आयसोक्रायसिस डीएचए देते, कीटोसेरॉस ईपीए. म्हणूनच एकाच शैवालापेक्षा मिश्र खाण्यावर वाढ सहसा चांगली होते.

मापही वयाप्रमाणे वाढतं. सुरुवातीला पिल्लामागे दिवसाला तीन-चार हजार पेशी, पिल्लू एका जागी चिकटण्याच्या सुमारास दहा-बारा हजार. जास्त ओतलं तर उरलेलं कुजतं, जिवाणू माजतात आणि टाकी हातची जाते. शैवाल जुनं झालं तरी तोच धोका. ते जोमात वाढत असतानाच काढायला हवं, आणि ही वेळ ओळखणारा माणूस मला या केंद्राचा खरा कारागीर वाटतो.

चांगलं पोसलेलं पिल्लू दोन-अडीच आठवड्यांत डोळ्याचा काळा ठिपका मिरवू लागतं, पाय बाहेर काढून जागा चाचपतं आणि शिंपल्याच्या तुकड्याला कायमचं चिकटतं. उपाशी राहिलेलं मागे पडतं. त्यातली बरीच चिकटण्याआधीच तळाशी जातात. म्हणून नर-मादी कालवांना कोमट पाण्यात ठेवून अंडी-शुक्राणू सोडायला लावण्याच्या कितीतरी दिवस आधी शैवालाची पेरणी झालेली असते.