मेट्रो स्टेशन जवळ आहे, पण तिथपर्यंत जायचं कसं?

नाचणगाव-पुलगावकडच्या घरांसाठी नागपूरला जाणं ही हौस नसते. कुणाच्या अब्बूंची मेयोत तारीख असते, कुणाच्या मुलीचं कॉलेज असतं, कुणाला इतवारी-गांधीबागेतून माल भरायचा असतो. पुलगावहून रेल्वे, नाहीतर एसटी, नाहीतर चार जण मिळून कार. शंभरेक किलोमीटर अंतर तर कसंही कटतं. खरी कटकट सुरू होते ती नागपुरात उतरल्यावर. शेवटचे दोन-तीन किलोमीटर कधी कधी अख्ख्या प्रवासापेक्षा महाग पडतात, पैशांनी आणि जिवालाही.

मार्च 2019 मध्ये नागपुरात मेट्रो सुरू झाली आणि 11 डिसेंबर 2022 ला पहिल्या टप्प्याच्या दोन्ही लाइनी पूर्ण धावू लागल्या. ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि अॅक्वा लाइन लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. गाडी थंडगार, स्वच्छ, वेळेवर. तरीही आपल्यातले कितीतरी जण अजून मेट्रोत बसलेले नाहीत. विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "गाडी कुठं लावायची?" थोडं खोदून विचारलं की दुसरं उत्तर निघतं, "स्टेशनवरून पुढं पायदळ जाता येत नाही." पहिल्या उत्तरावर सगळे बोलतात, बातम्याही त्याच्याच येतात. माझ्या मते मोठा प्रश्न दुसरा आहे.

पार्किंगचं गणित

मोकळ्या मैदानात एक कार उभी करायची तर, वळायला आणि निघायला लागणारा रस्ता धरून, साधारण 23 चौरस मीटर जागा हिशेबात घेतात. म्हणजे 100 कारसाठी अर्ध्या एकराहून जास्त. सीताबर्डीला किंवा सेंट्रल अव्हेन्यूवर अर्ध्या एकराची किंमत काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि त्या 100 कारमधून माणसं उतरणार किती? बहुतेक कारमध्ये एक-दोन जण असतात, म्हणजे फार तर दीड-दोनशे. तीन डब्यांच्या एका मेट्रो गाडीत गर्दीच्या वेळी नऊशेच्या वर माणसं मावतात. म्हणजे अर्धा एकर जमीन घालून एका गाडीचा पाव भागही भरत नाही. त्याच जागेत चार-पाचशे दुचाकी सहज बसतात, सायकली त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून पार्किंग नकोच, असं मी म्हणत नाही. ते कुठे हवं, हा मुद्दा आहे. वर्धा रोडने येणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी उत्तर सोपं आहे, खापरी. शहराच्या गर्दीत शिरण्याआधीच गाडी लावावी आणि पुढे मेट्रो पकडावी. जमीन मोकळी, रस्ता रुंद, आणि शहरातल्या सिग्नलवर पेट्रोल जाळायचं काम नाही. जगभर मोठी पार्किंगं टोकाच्या स्टेशनांवर ठेवायची रीत आहे, ती याचसाठी. दुसऱ्या टप्प्याचं भूमिपूजन 2022 मध्येच झालं. एकूण 43.8 किलोमीटरच्या त्या टप्प्यात ऑरेंज लाइन बुटीबोरीच्या एमआयडीसीकडे जाणार आहे. ती झाली की वर्धा जिल्ह्याच्या लोकांचं गाडी लावायचं ठिकाण आणखी 18-20 किलोमीटर अलीकडे येईल. तिथे पार्किंगला जागा आत्ताच राखून ठेवली पाहिजे. एकदा बाजूला प्लॉट पडले आणि दुकानं उभी राहिली की मग कोण जागा देतं?

टोकाच्या पार्किंगलाही अटी आहेत. रात्री उजेड हवा, माणूस हवा आणि उन्हासाठी शेड हवी. दुचाकीचं भाडं इतकं हवं की ते आणि मेट्रोचं तिकीट मिळून पेट्रोलच्या खर्चाखाली राहील. नाहीतर माणूस म्हणतो, एवढ्यात तर मी थेट बर्डीलाच गेलो असतो. आणि त्याचं काही चुकत नाही.

शहराच्या आत मात्र फुकट पार्किंगचा आग्रह धरणं परवडणारं नाही. कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी 2005 मध्ये याच विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचा सांगावा थोडक्यात असा की फुकट पार्किंग असं काही नसतंच. जमिनीचे पैसे कुणीतरी भरत असतो, आणि बऱ्याचदा तो कुणीतरी म्हणजे ज्याच्याकडे गाडीच नाही असा माणूस. आपल्याकडे तो पैशांसोबत फुटपाथही गमावतो, कारण गाड्या तिथेच चढलेल्या असतात.

चालण्याचं गणित

साधा तंदुरुस्त माणूस मिनिटाला 80 मीटरच्या आसपास चालतो. 800 मीटर म्हणजे 10 मिनिटं. रस्ता चांगला असेल तर लोक स्टेशनपर्यंत एवढं चालायला तयार असतात. आता स्टेशनभोवती 800 मीटरचं वर्तुळ काढा. त्यात सुमारे दोन चौरस किलोमीटर वस्ती येते. फुटपाथ तुटलेला असेल, नाल्यावर फरशी नसेल, चौक ओलांडायला भीती वाटत असेल, तर तोच माणूस 400 मीटरच्या पुढे चालत नाही. त्रिज्या निम्मी झाली, पण वस्ती निम्मी होत नाही, चौथाई होते. दोनाचा अर्धा चौरस किलोमीटर राहतो. करोडो रुपयांचं स्टेशन तेच, गाडी तीच, पण तीन चतुर्थांश लोकांसाठी ते असून नसल्यासारखं.

हा तंदुरुस्त माणसाचा हिशेब झाला. आता कडेवर लेकरू आणि हातात पिशवी घेतलेल्या बुरख्यातल्या बाईचा हिशेब करा. गुडघे दुखणाऱ्या दादीचा करा. डायलिसिस करून निघालेल्या पेशंटचा करा. एक फूट उंच फुटपाथवर चढायचं, पुढे डीपी आली की उतरायचं, परत चढायचं. शेवटी ती बाई रस्त्यावरूनच चालते आणि मागून हॉर्न बसत राहतो. हे दोनदा झालं की तिसऱ्या वेळी ती दीडशे रुपये देऊन ऑटो करते.

यात नागपूरचं ऊनही आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तोंडाला दुपट्टा बांधून लोक कामापुरते बाहेर पडतात. अशा हवेत सावली नसलेले 500 मीटर एक किलोमीटरसारखे लागतात. वर्धा रोडवर मेट्रोचे खांब आहेत, वर उड्डाणपूल आहे, वर मेट्रो आहे, पण ती सगळी सावली गाड्यांवर पडते. चालणारा कडेने चालतो. कडुलिंबाची एक रांग लावायला विदेशी सल्लागार लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न शिक्षणाचाच होऊन बसतो. शंकर नगरकडे एलएडी कॉलेजच्या नावाचंच स्टेशन आहे. घरच्यांना गाडीतल्या प्रवासाची काळजी नसते. तिथे कॅमेरे आहेत, गार्ड आहे. काळजी असते ती संध्याकाळी सात वाजता स्टेशनच्या जिन्यावरून उतरल्यापासून होस्टेलच्या गेटपर्यंतची. त्या अर्ध्या किलोमीटरवर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, ऑटोवाल्यांचा थांबा जिन्याजवळ आहे की अंधाऱ्या कोपऱ्यात? एखादी मुलगी नागपूरला शिकेल की बारावीनंतर घरीच बसेल, हे कधी कधी यावरही ठरतं. वाचायला मोठं वाटेल, पण घराघरांत बोलणी अशीच होतात.

फुटपाथवर आपलेच लोक

आता थोडं कडू बोलावं लागेल. "फुटपाथ रिकामे करा" म्हटलं की महापालिकेची गाडी येते आणि फळांचे ठेले उचलते. त्या ठेल्यांमागे उभे असणारे बरेचसे आपलेच भाईबंद असतात. म्हणून आपण हा विषयच काढत नाही. पण 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की विक्रेत्यांचा सर्व्हे करून, नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी घेऊन, त्यांना जागा ठरवून द्यायची. मेट्रो स्टेशनचा जिना जिथे उतरतो तिथे गिऱ्हाईक आयतंच असतं. जिन्याच्या दोन्ही बाजूंना आखलेल्या जागा दिल्या तर ठेलाही टिकतो आणि चालायची पट्टीही मोकळी राहते. वर ठेल्यांमुळे रात्री उजेड आणि माणसांची जाग राहते, ती वेगळीच. ठेला आणि फुटपाथ यांचं भांडण नाही. खरी जागा खातात त्या दुकानांपुढे दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या, आणि त्यांना उचलायला सहसा कोणी येत नाही.

जुम्म्याच्या दुपारी मशिदीपुढे आपण गाड्या कशा लावतो, हेही एकदा बघावं. वाटेतली अडचण दूर करणं हा ईमानाचाच एक हिस्सा, असं लहानपणी मकतबात आपण सगळेच शिकलो.

जबाबदार कोण?

इथेच घोडं अडतं. स्टेशन आणि त्याचे जिने महामेट्रोचे. खालचा फुटपाथ, दिवे आणि गटार महापालिकेचं. सिग्नल आणि नो-पार्किंग वाहतूक पोलिसांचं. वर्धा रोडसारखा रस्ता राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. प्रत्येकाचं काम आपापल्या हद्दीत पूर्ण असतं आणि चालणारा माणूस बरोबर हद्दीवर अडकतो. केंद्राचं 2017 चं मेट्रो धोरण स्पष्ट आहे. स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर पट्ट्यात पायवाटा, सायकल मार्ग, फीडर बस आणि ऑटो यांची सोय करण्याची हमी राज्याने प्रकल्प अहवालातच द्यायची आहे. म्हणजे आपण काही खैरात मागत नाही.

हे जमतं का? मुंबईत घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली. पार्किंगच्या नावाने तिथे जवळपास शून्य. तरी पहिल्यापासून तुडुंब, कारण घाटकोपर आणि अंधेरीला लोकलच्या पुलावरून माणूस थेट मेट्रोत चालत जातो. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद करून पार्किंग आखून दिलं. तिथे आज म्हातारी माणसंही बाकावर बसलेली दिसतात. त्याच पुण्यात 2018 चं पार्किंग धोरण मंजूर झालं आणि विरोधामुळे अडकून पडलं. रस्ता बदलता येतो, गाडीवाल्याला पैसे मागणं जास्त अवघड.

तक्रार करायची तर मोजून करा, तिला वजन येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळी जागा हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंचांच्या, वर नको. व्हीलचेअरच्या उताराला एक फूट चढासाठी बारा फूट लांबी लागते. टेलरची टेप घेऊन कॉलेजची चार पोरं एका संध्याकाळी एका स्टेशनचा नकाशा करू शकतात. त्यावर फोटो जोडा आणि एकच अर्ज महामेट्रो, महापालिका आणि वाहतूक पोलीस अशा तिघांना द्या, म्हणजे "ते आमच्याकडे येत नाही" म्हणायची सोय राहत नाही. अपंगांच्या सोयीचा मुद्दा असेल तर अर्जात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव जरूर घाला.

तोवर आपल्या भागातून जाणाऱ्यांसाठी कामाच्या काही गोष्टी. रेल्वेने अजनीला उतरलात तर जवळचं मेट्रो स्टेशन काँग्रेस नगर आहे. नाव सारखं आहे म्हणून अजनी चौक शोधत बसू नका, ते वर्धा रोडवर पुढे आहे. नागपूर स्टेशनला उतरलात तर मेट्रोसाठी पूर्वेकडच्या, संत्रा मार्केटच्या बाजूला निघा. मेयो किंवा मोमीनपुऱ्यात जायचं असेल तर तिथून पुढचंच स्टेशन दोसर वैश्य चौक. मेडिकलला मेट्रोने थेट जाता येत नाही, काँग्रेस नगरहून ऑटो करावा लागतो. ताजबाग उमरेड रोडला आहे आणि दोन्ही लाइनींपासून दूर आहे, तेव्हा उर्साच्या वेळी बसच बरी. पेशंट सोबत असेल तर लिफ्ट कोणत्या बाजूच्या गेटला आहे हे आधी गार्डला विचारून घ्या, नाहीतर रस्ता दोनदा ओलांडावा लागेल.