परकी अंमलातील जाहीर निषेध : लायडन विद्यापीठ, १९४०

परचक्राखालील देशातील भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न निघाला म्हणजे चर्चा बहुधा गुप्त पत्रकांकडे व भूमिगत चळवळींकडे वळते. तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु प्रतिकार आणि निषेध या दोन क्रिया एक नव्हेत. प्रतिकार करणाऱ्यास आपले नाव लपवावे लागते. निषेध करणाऱ्यास ते सांगावे लागते, कारण त्याचे म्हणणे सत्ताधाऱ्यास उद्देशून असते आणि ते कोण म्हणतो यालाच अर्धे महत्त्व असते. सभाबंदी असताना व वृत्तपत्रे जेत्याच्या मुठीत असताना असे नावानिशी बोलणे कोणत्या आधारावर शक्य होते, याचा विचार करण्यास हॉलंडमधील एक प्रसंग उपयुक्त आहे.

१० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंडवर आक्रमण केले आणि पाच दिवसांत त्या देशाच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. राणी व मंत्रिमंडळ लंडनला गेले. २९ मे रोजी झाइस-इन्क्वार्ट यांनी राइखचे आयुक्त म्हणून हेग येथे कारभार हाती घेतला. हे गृहस्थ व्हिएन्ना विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देशाचा चालू कायदा शक्य तोवर तसाच ठेवू, असे आश्वासन त्यांनी दिले. त्यात औदार्याचा भाग नव्हता. १९०७ च्या हेग नियमावलीतील ४३ व्या कलमाने जेत्यावर हे बंधन घातलेलेच आहे : अगदी अशक्य असल्याखेरीज व्याप्त देशातील प्रचलित कायद्यांचा त्याने मान राखला पाहिजे.

पहिली कसोटी ऑक्टोबरात आली, तीही एका छापील कागदाच्या रूपाने. आपण ज्यू आहोत किंवा नाही, एवढेच प्रत्येक सरकारी नोकराने लिहून द्यावयाचे होते. कागद निरुपद्रवी दिसत होता. सही करण्यास नकार देणारे मोजकेच निघाले. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष फिसर हे स्वतः ज्यू होते, तरी त्या न्यायालयानेही बहुमताने सही करण्याचेच ठरविले. नोव्हेंबरात ज्यू अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांत फिसरही होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे एक शब्दही काढला नाही. देशातील कायद्याचे सर्वोच्च पीठ मुके राहिले, ही या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणावी लागेल.

याच हुकुमाने लायडन येथील नागरी कायद्याचे ख्यातनाम प्राध्यापक मेयर्स यांचे अध्यापन बंद झाले. २६ नोव्हेंबर १९४० रोजी सकाळी, मेयर्स यांच्या व्याख्यानाच्या वेळी, विधिशाखेचे अधिष्ठाता प्राध्यापक क्लेव्हेरिंगा हे विद्यापीठाच्या मोठ्या व्याख्यानगृहात व्यासपीठावर आले. ते स्वतः मेयर्स यांचे शिष्य. त्यांनी प्रथम बडतर्फीचे पत्र जसेच्या तसे वाचून दाखविले. त्या पत्रावर आपण काही भाष्य करणार नाही, आपल्या मनातील क्षोभास वाट करून देणार नाही, असे सांगून ते मेयर्स यांच्या विद्वत्तेकडे वळले. भाषणाचा बराच मोठा भाग एका पंडिताच्या ग्रंथांविषयी व अध्यापनाविषयी होता. अखेरीस, हे कृत्य देशाच्या संविधानास व हेग नियमावलीस सोडून आहे, असे त्यांनी शांतपणे नमूद केले आणि विद्यार्थ्यांना अविचार न करण्याविषयी बजावले. भाषण संपताच श्रोत्यांनी उभे राहून राष्ट्रगीत म्हटले.

भाषणात जेत्याविषयी अपशब्द नव्हता, चिथावणीही नव्हती. वक्त्याने फक्त दोन कागद शेजारी शेजारी ठेवले : एक बडतर्फीचा व दुसरा जेत्याला बांधून घेणाऱ्या कायद्याचा. त्यामुळे जेत्यापुढे पेच उभा राहिला. बोलणारास शिक्षा करावी तर कायदा राखण्याचे आपले आश्वासन पोकळ असल्याची कबुली दिल्यासारखे होणार. न करावी तर ते वाक्य सर्वांसमक्ष खरे ठरणार. सत्तेने पहिला मार्ग पत्करला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठ बंद करण्यात आले, क्लेव्हेरिंगा यांना अटक झाली आणि पुढे सुमारे आठ महिने त्यांना कारावासात काढावे लागले. पण विद्यार्थ्यांनी भाषणाच्या टंकलिखित प्रती काढून त्या देशभर पोहोचविण्यास तोवर आरंभ केलेला होता.

या निषेधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ऑक्टोबरातील कागद लायडनच्याही बहुतेक प्राध्यापकांनी भरून दिला होता, आणि कोणाला काढावयाचे हे जेत्याला कळले ते त्या कागदांमुळेच. नोव्हेंबरातले भाषण ऑक्टोबरातली सही पुसू शकले नाही. शिवाय कायद्याचा आधार जेता निदान वरकरणी तरी कायद्याचे नाव घेतो तोवरच उपयोगी पडतो. फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध अॅमस्टरडॅमच्या कामगारांनी संप पुकारला, ट्राम बंद पाडल्या. तेव्हा उत्तर बंदुकीने देण्यात आले.

तरीही लायडनमध्ये त्या सकाळचा परिणाम टिकून राहिला असे दिसते. १९४२ मध्ये विद्यापीठास नाझी वळण देण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तेथील बहुसंख्य प्राध्यापकांनी राजीनामे दिले, आणि १९४३ मध्ये निष्ठापत्रावर सही मागण्यात आली तेव्हा देशातील बहुतेक विद्यार्थ्यांनी ती नाकारली. या वेळी कागद समोर येताच नकार देण्यात आला.

मेयर्स यांची रवानगी वेस्टरबोर्क व पुढे टेरेझिनश्टाट येथील छावणीत झाली. ते वाचले, परतले आणि १९४७ मध्ये हॉलंडच्या नव्या नागरी संहितेचा मसुदा करण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपविले. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम अपुरे होते. पुढे ते इतरांनी चालू ठेवले.