एलिझाबेथ कोणाची मुलगी?

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चे दोन पाठ ताडून पाहायचे तर दोघी लागतात. मैत्रीण १८३१चा पाठ मोठ्यानं वाचते, स्वल्पविरामसुद्धा उच्चारते. मी १८१८च्या पाठावर पट्टी सरकवत जाते. शब्द अडला की थांबायचं, समासात पेन्सिलीची खूण करायची. संगणक हे झटकन करतो, पण विरामचिन्ह बदललं काय आणि माणसाचं कूळ बदललं काय, त्याला दोन्ही सारखंच.

पहिली आवृत्ती १ जानेवारी १८१८ला लंडनमध्ये निघाली: तीन खंड, ५०० प्रती, लेखिकेचं नाव नाही. संग्राहक जीव टाकतात ते हिच्यावर. २०२१मध्ये तिची एक प्रत लिलावात अकरा लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेली. १८३१ची आवृत्ती एकाच खंडाची. तिच्या प्रस्तावनेत मेरी सांगते, की बदल मुख्यतः शैलीचे आहेत. नवी कल्पना वा प्रसंग घातलेला नाही.

पहिल्याच प्रकरणात आमची पेन्सिल थांबेनाशी होते. १८१८मध्ये एलिझाबेथ ही कादंबरीचा नायक व्हिक्टर याची आतेबहीण आहे. १८३१मध्ये ती मिलानच्या एका सरदाराची मुलगी, कोमो सरोवराजवळ गरिबाघरी वाढणारी. व्हिक्टरच्या आईला ती तिथं सापडते. मजकूर इतका वाढतो, की एका प्रकरणाची दोन होतात.

पुढे वीज पडून ओकचं झाड फाटतं. जुन्या पाठात वडीलच मुलाला वीज समजावतात, पतंग उडवून ती ढगांतून उतरवून दाखवतात. नव्या पाठात वडिलांना विज्ञानात गती नाही. समजावतो तो घरी आलेला एक विद्वान. मुलगा एकटा पडतो, आणि त्या पोकळीत नियती शिरते. त्याचे प्राध्यापक वाल्डमन यांच्या व्याख्यानातही १८३१चा व्हिक्टर तिचाच आवाज ऐकतो.

मधल्या वर्षांत मेरीनं दोन मुलं आणि नवरा गमावला होता. नियतीवरचा तो भर मला समजतो. तरीही मी १८१८च्या बाजूची आहे. तिथं व्हिक्टर स्वतः निवडतो, म्हणून स्वतः घडवलेल्या त्या अभागी जिवाला टाकून पळण्याचा दोषही पुरता त्याचाच राहतो.

सोनेरी कडांच्या, चामडी बांधणीच्या देखण्या प्रतींवर आतला पाठ कोणता हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. विकत घेण्याआधी प्रकरणं पाहावीत. सलग २४ असतील तर पाठ १८३१चा; तीन खंड असून प्रत्येकात आकडा पुन्हा एकपासून सुरू होत असेल तर १८१८चा. तरी शंका उरली, तर एलिझाबेथ कोणाची मुलगी ते वाचावं.