थाळी वाजवली की वळते, म्हणजे ऐकू येते?

माझी भाची अडीच वर्षांची झाली तरी तीन-चार शब्दांपलीकडे बोलत नव्हती. "तिचे बाबाही तिसऱ्या वर्षीच बोलायला लागले," असे घरची मोठी माणसे सांगत. बहिणीचे समाधान होईना. माझे संशोधन ध्वनिलहरींवर, म्हणून तिने मला विचारले. मी मुलीच्या पाठीमागे उभा राहून स्टीलच्या थाळीवर चमचा आपटला. ती गर्रकन वळली. "कान उत्तम आहेत," मी जाहीर केले. तो निष्कर्ष साफ चुकला होता, आणि त्यापायी आठ महिने वाया गेले.

चूक नेमकी कुठे झाली? साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. जवळून आपटलेली थाळी त्याहून कितीतरी मोठी. शिवाय तिच्या आवाजात उंच-खालच्या सगळ्याच वारंवारता मिसळलेल्या असतात. बोलण्याचे तसे नाही. अ, आ, ओ या स्वरांची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्झच्या खाली असते, तर 'स'चा सीत्कार ४००० हर्ट्झच्याही वर जातो. काही मुलांना खालच्या वारंवारता चांगल्या ऐकू येतात, वरच्या येत नाहीत. अशा मुलाला 'साप', 'थाप', 'छाप' या तिन्ही शब्दांत जेमतेम 'आप' ऐकू येते. हाक मारली की ते वळते, दार वाजले की बघते. आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही.

पण आठ महिन्यांनी असे काय मोठे बिघडते? याचे उत्तर कानात नसून मेंदूत आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजीभाषक घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. आसपासच्या भाषेत जो भेद लागत नाही, त्याकडे मेंदू वर्षाच्या आतच दुर्लक्ष करायला शिकतो. म्हणजे पहिला शब्द फुटण्याआधीच कानामागची यंत्रणा जुळवली जात असते. त्या काळात ध्वनीच नीट पोहोचला नाही, तर जुळवणी कशाच्या आधारावर व्हायची?

अमेरिकेत कोलोरॅडो येथे ख्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी श्रवणदोष असलेल्या १५० मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे होती. दोष सौम्य असो वा तीव्र, घर सुखवस्तू असो वा गरीब, हा फरक राहिलाच. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मदत असे उद्दिष्ट आता तज्ज्ञ ठेवतात. या मदतीत ओठांची भाषा की हातांची, यावर बरेच वाद होतात. कर्णबधिर आईवडिलांची बाळे हातांनी बोबडे बोलतात, हे १९९१ साली दिसून आले आहे. माझ्या मते मेंदूला भाषा वेळेवर मिळणे जास्त महत्त्वाचे. ती कोणत्या वाटेने आली हा नंतरचा प्रश्न.

"एवढ्या लहान मुलाला ऐकू येते की नाही, हे कसे कळणार?" असे पालक विचारतात. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ साली दाखवले की निरोगी कान ध्वनी नुसता घेत नाही, अगदी क्षीण ध्वनी परतही पाठवतो. आतल्या कानातील केसपेशी आखडतात-लांबतात, त्याचा हा प्रतिध्वनी. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी बसवून तो काही मिनिटांत टिपता येतो. ध्वनीचा संदेश पुढे मेंदूकडे जातो की नाही, हे 'बेरा' या चाचणीत डोक्याला तारा चिकटवून पाहतात. मुलाने उत्तर देण्याची दोन्हींत गरजच नसते.

आता बालवाडीबद्दल. जन्मतः ऐकू येणाऱ्या मुलांच्याही मध्यकर्णात वारंवार सर्दीने चिकट पाणी साठते. मूल एक आठवडा ऐकते, दुसऱ्या आठवड्यात नाही. आपण त्याला 'लहरी' किंवा 'लक्ष नसलेले' म्हणतो. हा दोष बहुधा बरा होणारा असतो, पण आधी कोणाला तरी शंका यायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करतात. शंका असलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे 'डीईआयसी'कडे पाठवतात. पण पथकाजवळ एका मुलासाठी काही मिनिटेच असतात. बाईंजवळ रोजचे तीन तास असतात.

भाचीच्या बाबतीत तेच झाले. ती आज चौथीत आहे, श्रवणयंत्र लावते, वाचते झकास. तरी शब्दांची शेवटची अक्षरे गाळते आणि दर आठवड्याला वाचा-उपचाराला जाते. तिच्या बाईंनी बहिणीला दिलेली चिठ्ठी मी मागून घेतली. तिच्यात निदान नव्हते, फक्त चार ओळी होत्या: "बडबडगीतात हावभाव बरोबर करते, पण नेहमी इतरांकडे बघून, थोडी मागून. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की थांबते. तोंडापुढे वही धरून 'बाहुली दे' म्हटले तर चेंडू देते. पाच दिवस पाहिले, पाचही दिवस असेच. कान तपासून घ्याल का?"