विमानाचे गुण : फायदा किती, आणि कोणाचा?

आमचे गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. 2023 सालच्या उपोषणामुळे हे नाव साऱ्या देशाला कळले. त्याआधी दिल्लीच्या गांधीनगर मार्केटमधील ठोक व्यापाऱ्याला आम्ही "औरंगाबादजवळ" एवढेच सांगत असू. आम्ही तिघे भाऊ भागीदारीत तयार कपड्यांचा धंदा करतो व आसपासच्या आठवडी बाजारांतील दुकानदारांना माल पुरवितो. खरेदीसाठी वर्षातून चार-पाच वेळा दिल्लीला किंवा कोलकात्याच्या मेटियाब्रुजला जावे लागते. पूर्वी यातले दोन-तीन दिवस रेल्वेतच जात. आता पाचोड, आडूळमार्गे चिकलठाण्याचा विमानतळ गाठला की संध्याकाळी दिल्लीत.

तिकीट काढताना प्रत्येक विमान कंपनी म्हणते, आमचे सभासद व्हा, प्रवासाचे गुण साठवा आणि फुकट तिकीट मिळवा. आमचे अनेक व्यापारी बांधव विचारतात की, स्वस्तातल्या इकॉनॉमी वर्गाने जाणाऱ्याने कोणती योजना घ्यावी? आम्ही काही चुका करून जो हिशोब शिकलो, तो येथे मांडत आहोत.

ही युक्ती आली कोठून?

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने 1 मे 1981 रोजी अशी योजना सुरू केली. जितके मैल प्रवास, तितके मैल खात्यावर जमा, असा साधा नियम होता. मग जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. लांबच्या पल्ल्याचे स्वस्त तिकीट काढणाऱ्याला तेव्हा चांगला लाभ होई. पण 2015-16 च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी नियम फिरविला. आता किती मैल उडालात यापेक्षा किती रुपये खर्च केलेत यावर गुण मिळू लागले. एअर इंडियानेही 2024 मध्ये हाच मार्ग धरला. म्हणजे महाग तिकीटवाल्याला जास्त आणि आमच्यासारख्या स्वस्त तिकीटवाल्याला थोडे. ही गोष्ट आधी समजून घ्यावी, म्हणजे जाहिरात वाचून डोळे दिपणार नाहीत.

हिशोब रुपयांत करा

दोन प्रश्न विचारा. मूळ भाड्याच्या दर शंभर रुपयांवर किती गुण मिळतात? आणि तिकीट घेताना एका गुणाचे किती पैसे धरले जातात? उदाहरणादाखल समजा, तिकीट 6,000 रुपयांचे आहे आणि त्यात मूळ भाडे 5,000. कर व विमानतळ शुल्कावर बहुधा गुण मिळत नाहीत. शंभराला 6 गुण धरले तर 300 गुण झाले. एक गुण 40 पैशांचा धरला तर हाती आले 120 रुपये. वर्षात पाच फेऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन दहा प्रवास केले तरी 1,200 रुपये. दर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात व बदलत राहतात, पण रीत हीच. आता सांगा, या 120 रुपयांच्या गुणांसाठी दुसऱ्या कंपनीपेक्षा 700 रुपये महाग तिकीट घेणे हा कोणता व्यापार? आम्ही एक वर्ष हेच केले. तसेच "फुकट" तिकिटावरही कर व शुल्क रोख भरावे लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

तुमच्या गावाजवळून कोण उडते?

सर्वांत उत्तम योजना म्हणजे तुमच्या विमानतळावरून तुमच्या बाजाराला जाणाऱ्या कंपनीची. चिकलठाण्याहून अलीकडच्या वर्षांत मुख्यतः इंडिगो व एअर इंडिया यांचीच विमाने आहेत. इंडिगोने बराच काळ सर्व प्रवाशांसाठी अशी योजना ठेवली नव्हती. 2024 मध्ये "ब्लूचिप" या नावाने ती आली. एअर इंडियाची जुनी "फ्लाइंग रिटर्न्स" आता "महाराजा क्लब" झाली आहे. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या जागतिक संघात असल्याने सिंगापूर, टर्किश, लुफ्तान्सा यांच्या प्रवासाचे गुणही तिच्या खात्यावर घेता येतात. परदेशी माल पाठविणाऱ्यास हे उपयोगी. ज्यांची मुले आखातात नोकरीला आहेत, त्यांनी मुले ज्या कंपनीने येतात-जातात तिचेच खाते घरात ठेवावे. एमिरेट्ससारख्या काही कंपन्या कुटुंबाचे गुण एकत्र करू देतात. मुंबईला मात्र आम्ही रेल्वेनेच जातो. 30 डिसेंबर 2023 पासून जालन्याहून वंदे भारतही सुरू झाली आहे. गुणांसाठी विमान धरण्याची गरज नाही.

गुण साठवू नका, वापरा

गुण म्हणजे रोकड नव्हे. ते कंपनीचे वचन आहे. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, तिच्या सभासदांचे गुण कागदावर राहिले. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने "इंटरमाइल्स" नावाने पुढे चालली, पण ज्या विमानासाठी लोकांनी गुण जमविले ते विमानच उरले नाही. विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे गुण नव्या योजनेत वर्ग झाले. तेथे सभासदांचे नशीब चांगले होते. म्हणून एका तिकिटापुरते गुण झाले की वापरून टाकावेत. मुदतीचा नियमही आधी वाचावा.

नावाची भानगड

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दरवेळी कोणीतरी कारकून ठरवी. एका कागदावर "शेख"मध्ये ए-आय, दुसऱ्यावर दोन ई. एका कंपनीत आमचे खाते एका स्पेलिंगने आणि तिकिटे दुसऱ्या स्पेलिंगने निघत गेली. चार प्रवासांचे गुण जमा झाले नाहीत. बोर्डिंग पास जपून ठेवले नव्हते, तक्रारीची मुदतही गेली. आपल्यात अनेकांची नावे अशीच आहेत. आधार, पासपोर्ट, खाते व तिकीट यांवर अक्षर न् अक्षर एक असू द्या आणि गुण जमा होईपर्यंत पास सांभाळा. उमराहच्या ग्रुप तिकिटावर बहुतेकदा गुण मिळत नाहीत. एजंटला पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

विमान कंपन्यांची क्रेडिट कार्डेही निघाली आहेत. बिल मुदतीत पूर्ण भरता येत असेल तरच त्या वाटेला जावे. एकदा थकले की महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागू शकते. त्यापुढे गुण कसले? व्याजापासून दूर राहणाऱ्या माणसाने तर दहा वेळा विचार करावा. त्याऐवजी तिकिटावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घालावा. इकॉनॉमी तिकिटावरील 5 टक्के कराची वजावट नियमित करदात्या व्यापाऱ्याला मिळू शकते. कंपोझिशनवाल्यांना ती नाही.

गुण कोणाचे?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खरेदीला आम्हीच जात असल्याने सारे गुण आमच्याच नावावर जमत. एकदा त्यातून आम्ही मुलीला व जावयाला हैदराबादची तिकिटे काढून दिली. धाकट्या भावाने रात्री दुकान बंद करताना शांतपणे विचारले, "भाईजान, तिकिटाचे पैसे दुकानाचे होते, मग गुण कोणाचे?" आम्हाला राग आला. जागरण आम्ही करतो, मालाची गाठोडी आम्ही उचलतो, असे तोंडावर आले. दोन दिवस दोघांत बोलणे बंद होते.

मग वही उघडली. कंपनीच्या नियमाने गुण प्रवाशाचेच. पण तो नियम कंपनी व प्रवासी यांच्यातला आहे, भागीदारांतला नाही. दुकानाचे पैसे आमच्या हाती अमानत होते. त्यातून निघालेला लाभही अमानतच. त्या दोन तिकिटांची रक्कम आम्ही आपल्या हिश्शातून दुकानात जमा केली. आता वहीत विमानाच्या गुणांचे वेगळे पान आहे. पुढच्या वेळी गुणांतून दुकानाचेच तिकीट निघते, आणि खर्च तितका कमी होतो. धाकटाही आता एकदा खरेदीला जातो.

बाराशे रुपयांची ती वार्षिक बचत. तिच्यासाठी तीस वर्षांची भागीदारी तुटली असती, तर तो तोटा कोणत्या योजनेने भरून काढला असता? योजना कोणतीही घ्या. फक्त भागीदारांत आधी बोला आणि लिहून ठेवा.